आग्रा रोड, जुना आग्रा रोड, एलबीएस : एका सोसायटीच्या चतुःसीमेचे प्रकरण

ठाण्यात तीन हात नाक्यावरून हरी निवासकडे येताना रस्त्याच्या पूर्व अंगाला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली एक गृहनिर्माण सोसायटी आहे. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्रे. बांधणाऱ्याने जमीन सोसायटीच्या नावे कधी करून दिलीच नाही. पुढे त्याची भागीदारी मोडली, एकेक भागीदार वारला, वारस कुठेकुठे पांगले. इमारत पुनर्विकासाला आली तेव्हा जमीन आपल्या नावावर नाही ही गोष्ट सभासदांना नव्याने बोचू लागली आणि त्यांनी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्याचा, मालकाच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा, अर्ज करायचे ठरवले. फाईल लावण्याचे काम माझ्याकडे आले.

कागद आधी एका कचेरीत तपासायला दिले होते. तिथून त्रुटींची यादी आली. बहुतेक त्रुटी नेहमीच्याच : अमुक पानावर सही नाही, तमुक करारनाम्याची सूची दोन, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, जोडलेली नाही. एका त्रुटीपाशी मात्र सगळी कमिटी थांबली. मिळकतीच्या पश्चिमेकडील रस्त्याचे नाव चार कागदांत चार प्रकारे आले आहे, तरी मिळकत एकच असल्याचा पुराव्यासह खुलासा करावा, असे तिथे लिहिले होते.

चार कागद असे. पन्नाशीच्या दशकातल्या मूळ खरेदीखतात ‘सरकारी आग्रा रस्ता’. साठच्या दशकातल्या रेखांकनाच्या, म्हणजे लेआउटच्या, नकाशावर ‘राष्ट्रीय महामार्ग क्र. ३’. सभासदांच्या करारनाम्यांत ‘जुना आग्रा रोड’. आणि आजच्या मालमत्ता कराच्या बिलावर ‘लाल बहादूर शास्त्री मार्ग’.

कमिटीच्या बैठकीत संताप झाला. “रस्ता काय रातोरात पळून गेला का हो? सगळ्या ठाण्याला ठाऊक आहे एलबीएस म्हणजेच आग्रा रोड,” असे सेक्रेटरी बाई म्हणाल्या आणि ते खरेच होते. पण त्रुटी काढणाऱ्यालाही मी दोष देणार नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर कुठेच लिहिलेली नसते आणि नोंदणीचा सगळा व्यवहार कागदावर चालतो. ठाण्याच्या जुन्या भागातल्या बऱ्याच सोसायट्या आज ना उद्या या प्रश्नाशी येऊन थांबणार आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

आधी कायद्याचे. रस्त्याचे नाव दस्तात शोभेसाठी येत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ मध्ये सांगितले आहे की स्थावर मिळकतीचे वर्णन ती ओळखता येईल इतके पुरेसे हवे. त्याच कलमाची दुसरी पोटकलम शहरातल्या घरांबद्दल अधिक नेमके बोलते : घर ज्या रस्त्याला तोंड करून आहे त्या रस्त्याचे नाव द्यावे, घर रस्त्याच्या उत्तरेला की आणखी कोणत्या बाजूला ते सांगावे, सध्याचा आणि पूर्वीचा भोगवटा सांगावा, आणि रस्त्यावरच्या घरांना क्रमांक असतील तर तेही द्यावेत. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असे शहर होते की जिथे रस्त्याला नाव असते आणि ते टिकते. कलम २२ मात्र वाट मोकळी ठेवते. सरकार सर्वेक्षणाच्या नकाशावरून वर्णन करण्याचा नियम करू शकते, आणि रस्त्याचा तपशील राहून गेला तरी मिळकत ओळखू येत असेल तर तेवढ्यासाठी दस्ताची नोंदणी नाकारता येत नाही. आमच्या बाजूने हे दुसरे कलम होते. पण ‘ओळखू येते’ हे दाखवायचे काम अर्जदाराचे. शिवाय मानीव अभिहस्तांतरणात जमीनमालक समोर सही करायला नसतो. महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम, १९६३, म्हणजे मोफा, त्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार सक्षम प्राधिकारी, म्हणजे सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक, मालकाच्या जागी एकतर्फी अभिहस्तांतरणाचा दाखला देतात. नाखूश किंवा बेपत्ता मालकाची जमीन दुसऱ्याच्या नावे करायची, तर ती नेमकी हीच जमीन याबद्दल तीळभर शंका उरता कामा नये. ही काळजी मला रास्त वाटते.

आता रस्त्याकडे वळू, कारण उत्तर तिथेच होते.

मुंबई बेट आणि त्याच्या उत्तरेचे साष्टी बेट यांच्यामध्ये पूर्वी खाडी आणि दलदल होती. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, एकोणिसावे शतक उजाडता उजाडता, शीवचा बांध झाला आणि बेटावरून कुर्ल्याकडे गाडी जाऊ लागली. साष्टी १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यासह ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली होती, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायम झाली. त्यामुळे शीव, कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करत ठाण्यापर्यंत येणारा हा रस्ता कंपनीच्या मुलखातला, मुंबईला मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता झाला. ठाण्यापुढे खाडी ओलांडून भिवंडी, शहापूर, कसाऱ्याचा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर आणि शेवटी आग्रा. अकराशे किलोमीटरहून लांब. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, तीही याच रस्त्याच्या सोबतीने. रूळ आणि रस्ता मुलुंडपर्यंत जवळजवळ हातात हात घालून येतात, रस्ता रुळाच्या पश्चिमेला.

या रस्त्याच्या नावाबद्दल मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की तो वाटेत गावोगावी आग्र्याच्याच नावाने ओळखला जातो. ठाण्यात जुना आग्रा रोड, भिवंडीत आग्रा रोड, कल्याणात आग्रा रोड, नाशकात जुना आग्रा रोड, धुळ्यात भर बाजारपेठेत आग्रा रोड. या गावांतली बहुतेक माणसे आयुष्यात एकदाही आग्र्याला गेलेली नसतात. तरी रस्ता आपल्या दारातून कुठे जातो ते त्यांना नावातून कळत होते. आणि खुद्द आग्र्यात याच रस्त्याला ग्वाल्हेर रोड म्हणतात, तिथूनही पुढच्या गावाचेच नाव. जुन्या वाटांना माणसांची नावे नसत, त्यांना दिशा असे. खरेदीखतातला ‘सरकारी आग्रा रस्ता’ हा त्या काळचा शब्दप्रयोग आहे. ‘सरकारी’ म्हणजे खासगी वाट नव्हे, कुणाच्या मालकीची बोळ नव्हे, एवढेच त्यात सांगायचे आहे.

दुसरे नाव दिल्लीहून आले. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या अनुसूचीत ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे असा आग्र्याहून मुंबईला येणारा महामार्ग तीन क्रमांकाचा. तिथे आरंभ आग्र्याला आहे आणि शेवट मुंबईला, म्हणजे आपण ज्याला सुरुवात समजतो तो कायद्याच्या दृष्टीने शेवट. हा क्रमांक घरोघरी रुळला नाही. ‘एनएच थ्री’ ट्रकवाल्यांच्या, अभियंत्यांच्या आणि नकाशा काढणाऱ्यांच्या तोंडी राहिला. आमचा रेखांकन नकाशा काढणाऱ्याने तोच लिहिला, कारण त्याच्या लेखी ते अधिकृत नाव होते. २०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले आणि तो तीन हा क्रमांकही गेला. आज ‘राष्ट्रीय महामार्ग क्र. ३’ असे शोधायला गेलात तर तो अगदी दुसऱ्याच प्रदेशात सापडतो. कागदावरचे चार उल्लेख पाहून एखाद्याचा गोंधळ होण्यात नवल नाही.

तिसरे नाव कुणी ठराव करून दिलेले नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग झाला तेव्हा ते लोकांच्या तोंडून आले. हा महामार्ग मुलुंडपर्यंत रुळाच्या पूर्वेने येतो, कोपरीला रेल्वे ओलांडून ठाणे पश्चिमेत शिरतो, तीन हात नाक्यावर आमच्या रस्त्याला छेदतो आणि नितीन, कॅडबरी हे नाके करत माजिवड्याला जातो. नाशिकची लांब पल्ल्याची वाहतूक त्याच्यावर गेली. मूळ रस्ता गावाचा झाला आणि त्याच्या नावामागे ‘जुना’ लागला.

सोसायटीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी हा फरक पाहिलेला आहे. “आम्ही लहान असताना नाशिकचे ट्रक रात्रभर इथूनच जायचे. घरातली भांडी वाजायची. मग हायवे झाला आणि झोप लागायला लागली,” असे ते सांगत होते. मी त्यांना विचारले, “नाना, तुम्ही पत्ता काय सांगायचात तेव्हा?” ते म्हणाले, “आग्रा रोड, नौपाडा. जुना-बिना काही नाही. तो तेव्हा जुना झाला नव्हता ना!”

या उत्तराने मला फाईल लावायची पद्धत सापडली. नाव हा कागदाच्या वयाचा पुरावा आहे. नुसता ‘आग्रा रस्ता’ असेल तर कागद द्रुतगती महामार्गाच्या आधीचा, ‘जुना’ आले की नंतरचा. ‘शास्त्री मार्ग’ आले की ११ जानेवारी १९६६ नंतरचा हे तर उघडच, कारण लाल बहादूर शास्त्रींचे ताश्कंदला निधन झाले ते त्या दिवशी. शास्त्रीजींच्या नावाला आक्षेप घेणारा एकही माणूस मला ठाण्यात भेटला नाही. अवघ्या दीड वर्षाच्या पंतप्रधानपदात, अन्नटंचाई आणि युद्ध सोसत, ज्यांनी देशाचा विश्वास मिळवला त्यांचे नाव शीवपासून ठाण्यापर्यंत एका अखंड रस्त्याला असावे यात औचित्य आहे. १९५७ मध्ये मुलुंड बृहन्मुंबईत गेले तेव्हापासून या रस्त्यावर दोन नगरपालिकांची हद्द आहे, मुलुंड चेकनाक्यापाशी. तरी शास्त्रीजींचे नाव हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखेच चालते. माझे म्हणणे एवढेच की नवे नाव देताना जुने नाव कागदावरून पुसले जाऊ नये.

मूळ खरेदीखताची नक्कल मी बराच वेळ समोर ठेवून बसलो होतो. निळसर शाईचे हस्ताक्षर, प्रत्येक पानाच्या तळाशी दोघांच्या सह्या, एका साक्षीदाराचा डाव्या अंगठ्याचा ठसा. शेवटून दुसऱ्या पानावर ‘यांसी चतुःसीमा येणेप्रमाणे’ असे म्हणून चार ओळी. पूर्वेस विहीर व बागायत, दक्षिणेस जाण्या-येण्याची सामाईक वाट, पश्चिमेस सरकारी आग्रा रस्ता, उत्तरेस शेजाऱ्याचे राहते घर. या चारांपैकी आज फक्त रस्ता शिल्लक आहे. विहीर बुजली, तिच्यावर पार्किंग आले. सामाईक वाटेच्या जागी दुसऱ्या इमारतीची कंपाऊंड भिंत आहे. शेजाऱ्याच्या घराचा टॉवर झाला. म्हणजे मिळकत ओळखायला जमिनीवर उरलेली एकमेव जुनी खूण रस्ता होती, आणि नाव नेमके तिचेच बदलत गेले होते.

क्षेत्रफळातही फरक निघाला. खरेदीखतात चौरस वार, मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, चौरस मीटर. एक चौरस वार म्हणजे सुमारे ०.८३६ चौरस मीटर, हा हिशेब केला तरी पत्रिकेवरचे क्षेत्र थोडे कमी भरत होते. सभासदांना वाटले शेजाऱ्याने जागा दाबली. टिका शीट मागवल्यावर उलगडा झाला. ठाण्याच्या जुन्या वस्तीतल्या सिटी सर्व्हेची एक खासियत आहे : इथे सिटी सर्व्हे नंबरच्या आधी टिका नंबर येतो आणि प्रत्येक टिकेचा स्वतंत्र नकाशा असतो. त्या नकाशावर रस्त्याची जुनी कड आणि आताची कड वेगळी दिसते. रस्तारुंदीत पुढची पट्टी गेलेली होती. ज्या कागदांवर ‘आग्रा रस्ता’ होते त्यांत क्षेत्र मोठे, ज्यांवर ‘शास्त्री मार्ग’ होते त्यांत लहान. दोन नावे आणि दोन क्षेत्रफळे जोडीने बदलली होती. नावांचा प्रश्न सोडवायला गेलो नसतो तर ही पट्टी शेजाऱ्याशी भांडण करण्याचे निमित्त झाली असती.

‘राष्ट्रीय महामार्ग’ हा उल्लेख मात्र खरोखर धोक्याचा होता आणि त्रुटी काढणाऱ्याला मी मनापासून धन्यवाद दिले ते याच्यासाठी. राष्ट्रीय महामार्गालगतच्या बांधकामाला अंतराची वेगळी बंधने असतात, वेगळी ना-हरकत लागू शकते. अभिहस्तांतरणाच्या दस्तात पश्चिमेला राष्ट्रीय महामार्ग असे राहून गेले असते, तर उद्या पुनर्विकासाच्या परवानगीच्या वेळी कुणीही ते बोट ठेवून दाखवले असते. महामार्ग आता जवळून जातो खरा, पण दारातून नाही. हे कागदावर स्पष्ट करणे सोसायटीच्याच हिताचे होते.

पुरावा कोणता द्यायचा? महापालिकेचा नामकरणाचा ठराव शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा सोसायटीच्या कपाटातच शोधू असे ठरले, आणि खालच्या खणात मालमत्ता कराच्या बिलांचा फीत बांधलेला गठ्ठा निघाला. ठाणे महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला. तिच्या आधीची, नगरपालिकेच्या काळातली बिलेही त्यात होती. आधीच्या बिलांवर जुना आग्रा रोड, नंतरच्यांवर ला. ब. शास्त्री मार्ग, आणि दोन्हींवर मालमत्ता क्रमांक एकच, भोगवटादार तोच. दोन नावांना बांधणारा याहून साधा आणि पक्का दुवा मला सापडला नसता. कर वसूल करणाऱ्या यंत्रणेनेच नकळत साक्ष दिली होती. जुनी बिले रद्दीत देऊ नका असे मी तेव्हापासून प्रत्येक कमिटीला सांगतो.

तर खुलासा असा दिला : एक पानी निवेदन, त्यात चार नावे कालक्रमाने आणि प्रत्येकासमोर तो उल्लेख असलेला कागद. सोबत टिका शीटची प्रमाणित नक्कल, दोन्ही नावांची कराची बिले, जागा आज कोणत्या रस्त्याला लागून आहे आणि द्रुतगती महामार्गापासून वेगळी कशी आहे हे दाखवणारा वास्तुविशारदाचा दाखला, आणि अध्यक्ष-सचिवांचे प्रतिज्ञापत्र. दस्ताच्या परिशिष्टात टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर आधी घेतले, कारण जमिनीची खरी ओळख तीच. चतुःसीमेतली पश्चिमेची ओळ मात्र लांब केली : ‘पश्चिमेस लाल बहादूर शास्त्री मार्ग, जो पूर्वी मुंबई–आग्रा रस्ता व नंतर जुना आग्रा रोड म्हणून ओळखला जात असे आणि ज्याचा उल्लेख पूर्वीच्या रेखांकनात राष्ट्रीय महामार्ग क्र. ३ असा आला आहे, तोच रस्ता’. खुलासा मान्य झाला. पुढे आदेश, दाखला, मुद्रांकाचा अभिनिर्णय (किती मुद्रांक शुल्क लागते ते ठरवून घेणे), दुय्यम निबंधकांकडे नोंदणी हा सगळा प्रवास रीतसर, संथपणे झाला.

या कामात आणखी एक गोष्ट ठळक जाणवली. कागदावर इतकी नावे असताना रिक्षात बसल्यावर त्यातले एकही उपयोगी पडत नाही. ‘लाल बहादूर शास्त्री मार्गावर सोडा’ म्हटले तर रिक्षावाला विचारणार, कुठे? रस्ता शीवपासून सुरू होतो. लोकांना लागतो तो नाका : मॉडेला, तीन हात नाका, हरी निवास, मखमली तलाव. अशी कित्येक नावे कारखान्यांची आहेत आणि कारखाना राहो न राहो, नाव राहते. मुलुंड चेकनाक्यावर जकात घेणे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा थांबले, पण चेकनाका अजून चेकनाकाच आहे. वडाळ्याहून कासारवडवलीला जाणाऱ्या मेट्रो चारच्या स्थानकांची ठाण्यातली नावे पाहा : तीन हात नाका, कॅडबरी जंक्शन, माजिवडा, कापूरबावडी. मुंबईत हीच मेट्रो बरेच अंतर शास्त्री मार्गावरूनच येते, पण रस्त्याचे नाव एकाही स्थानकाला नाही. लोकांच्या तोंडची नावे आता स्थानकांच्या पाटीवर जातील आणि पुढच्या पिढ्यांसाठी तीच अधिकृत होतील. मला हे चांगले वाटते.

खाडीपलीकडे नवी मुंबईत हा प्रश्न या रूपात येत नाही. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि तिने नोड, सेक्टर, भूखंड क्रमांक अशी ओळख दिली. वाशीतल्या भाडेपट्ट्यात रस्त्याचे नाव बदलले काय आणि राहिले काय, भूखंड हलत नाही. तिथला पेच वेगळा आहे, सेक्टरांच्या खाली गेलेल्या गावांच्या नावांचा, आणि तो स्वतंत्रपणे लिहिण्याइतका मोठा आहे.

ठाण्यासाठी मात्र माझी मागणी ठाम आहे. महापालिकेने रस्त्याला नाव द्यावे, तो तिचा अधिकार आहे. पण नामकरणाच्या ठरावात रस्ता कुठून कुठपर्यंत, त्याचे पूर्वीचे नाव काय आणि त्याला लागून कोणत्या टिका किंवा (नगररचना योजनेतले) अंतिम भूखंड येतात हे लिहिले जावे, आणि अशा सगळ्या ठरावांची एक नोंदवही कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी. पाटीवर नव्या नावाखाली बारीक अक्षरात जुने नाव असावे. याला फार खर्च नाही. आज हा दुवा प्रत्येक सोसायटी आपापल्या कपाटातून शोधते, आणि ज्यांचे कपाट २६ जुलै २००५ च्या पावसात भिजले त्यांच्याकडे तर तोही नाही.

आमच्या सोसायटीच्या फाईलमध्ये मिळकत पत्रिकेवरचा फेरफार व्हायचा बाकी आहे, त्यासाठीचा अर्ज दस्ताच्या प्रतीसह दाखल झाला आहे. पुनर्विकास करारनाम्याचा पहिला मसुदा विकासकाच्या वकिलांकडून आला तेव्हा त्यात पश्चिमेस नुसते ‘एलबीएस रोड’ होते. सेक्रेटरी बाईंनी तो मसुदा त्याच बैठकीत परत केला आणि नोंदवलेल्या दस्तातली पश्चिमेची सबंध ओळ जशीच्या तशी घालायला लावली. नव्या इमारतीतल्या प्रत्येक सदनिकेच्या करारनाम्यातही तीच ओळ येईल अशी अट सभेने ठरावात घेतली आहे.